पूर्वेकडचे खांब

पीटर तुस्कानो त्या खेळात शिरला तो चुन्याच्या रेघेमागून.

मूळचा तो वसईजवळच्या गासचा. मस्कतमधल्या रुवीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत तेवीस वर्षं ड्राफ्ट्समन होता. त्याचा साहेब कॉलिन ऑस्ट्रेलियन, लालबुंद मानेचा आणि दणक्या आवाजाचा. २००३च्या ऑक्टोबरात एके दिवशी तो पीटरच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, मला एक अंडाकृती मैदान आखून हवंय. आखातातल्या चार शहरांतल्या ऑस्ट्रेलियन लोकांनी आदल्या वर्षी आपल्या देशी फुटबॉलची हौशी स्पर्धा सुरू केली होती. मस्कतच्या संघाचं नाव टर्टल्स. पहिलं वर्ष त्यांनी कुणाच्यातरी चौकोनी मैदानावर कसंबसं काढलं. दुसऱ्या वर्षी अल खौदला एक सपाट, खडबडीत, तपकिरी जमीन मिळाली होती. खेळ मात्र अंडाकृती मैदानाचा.

पीटरने कागदावर आखलं. मग गुरुवारी दुपारी दोन खुंट ठोकून, त्यांना लांब दोर अडकवून, दोर ताणून धरत तो स्वतः फिरला आणि मागे चुना पडत गेला. रेघ सुरू झाली तिथेच बरोब्बर येऊन मिळाली तेव्हा कॉलिनने त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "उद्या सामना बघायला ये."

पीटर "येतो" म्हणाला. शुक्रवारी सकाळच्या मिस्सानंतर त्याला दुसरं काही कामच नसायचं. लिंडा जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगी व्हेनेसा लग्न होऊन नाशिकला. ती फोनवर विचारायची, "डॅडी, जेवलात?" आणि तो जेवलेला नसला तरी "हो" म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी तो मैदानावर पोचला तर कॉलिनने त्याच्या हातात दोन पांढरी निशाणं आणि डॉक्टरांचा असतो तसा पांढरा कोट ठेवला.

"गोल-पंच कमी पडतोय. तुझी नजर सरळ आहे. काल बघितली मी."

खेळ समजायला सोपा होता. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेने गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या आखूड खांबांच्या फटीतून गेला, किंवा खांबाला लागला, किंवा जाता जाता कुणाच्या हाताला लागला, तर नुसता एक गुण. गोल झाला तर दोन निशाणं हलवायची, एक गुण झाला तर एक. आणि इकडच्या पंचाने निशाण हलवलं की दुसऱ्या टोकाच्या पंचानेही तसंच हलवून दाखवायचं. म्हणजे पाहिलं, लिहून घेतलं. दोघांच्या खिशात कार्डं असत, आणि दर पाव खेळाला ती ताडून बघायची.

दुसऱ्या टोकाचा पंच होता हुसैनमियाँ. दाभोळचा. रुवीत त्याचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि टर्टल्सच्या बिनबाह्यांच्या जर्स्या त्यानेच शिवल्या होत्या. निशाणं त्याचीच, कोटही त्याचेच. जर्स्या पोचवायला म्हणून तो पहिल्या वर्षी आला आणि असाच पकडला गेला. वय अठ्ठावन्न, मेंदी लावलेली दाढी. पीटरला मराठीत बोलताना ऐकून तो इतका खूश झाला की पहिल्याच मध्यंतरात त्याने पीटरला आपल्या गाडीपाशी नेलं. तिथे त्याची बायको रशीदा सतरंजी पसरून डबा उघडून बसली होती.

"बस रं पीटरभाय. सांदणं हायत. हिनं केलीत."

पीटरने खाल्लं. दुसरं घेतलं. रशीदाने न विचारता तिसरं वाढलं.

"दोगंय डाक्टर दिसतावं ह्या कोटात," हुसैनमियाँ म्हणाला. "फकस्त पेशंट धावत सुटलेत."

तेव्हापासून शुक्रवारची दुपार ठरून गेली. हुसैनमियाँ नेहमी पूर्वेकडच्या खांबांशी उभा राहायचा. कलतं ऊन थेट तोंडावर यायचं तिथे, म्हणून पीटरने एकदा विचारलं, "टोक बदलायचं का, हुसैनभाय?"

"नको रं. तिकडनं समोर मगरीब, किब्ला, मक्केची दिशा. किब्ल्याकडं तोंड करून उभा ऱ्हायलो की हात खोटा हलत नाय."

नोव्हेंबरभर सगळं सुरळीत चाललं. टर्टल्स कधी जिंकत, बहुतेक वेळा हरत. एका सामन्यात त्यांची माणसं कमी पडली तेव्हा पाहुण्या संघाने आपले दोन खेळाडू उसने दिले, आणि त्या दोघांनी आपल्याच संघाविरुद्ध तीन गोल केले. पीटरला हे लोक आवडायला लागले. एकमेकांना धूळमातीत लोळवत आणि मग हात देऊन उठवत. पीटर सोमवारपासूनच शुक्रवारची वाट बघायला लागला, आणि हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचं त्यालाच जरा अपराधी वाटलं.

डिसेंबरात कार्डं जुळेनाशी झाली.

पीटरच्या टोकाला झालेला एक गुण हुसैनमियाँच्या कार्डावर गोल म्हणून लिहिलेला. ज्याच्या टोकाला घडलं त्याचं खरं, या नियमाने ते मिटलं. पुढच्या सामन्यात पुन्हा तसंच झालं. हुसैनमियाँ हसून म्हणाला, "तुजी निशाणं वाऱ्यानं एकमेकांत गुतात." त्या दिवशी वारा नव्हता.

त्याच आठवड्यात पीटर पँटची उंची कमी करून घ्यायला त्याच्या दुकानात गेला. हुसैनमियाँने रिळांच्या खोक्यात हात घातला, एक रीळ उचललं, त्याच्या सुट्या टोकावरून बोट फिरवलं, ठेवलं, दुसरं उचललं. मग सुई आणि दोरा पीटरपुढे धरला.

"जरा ओव रं. माजी बोटं तेलकट हायत."

बोटं कोरडी होती. पीटरने दोरा ओवून दिला. हुसैनमियाँने पँट नाकापाशी नेऊन टाके घालायला सुरुवात केली. पीटर त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिला. उजव्या बाहुलीत दुधाचा थेंब पडावा तशी पांढुरकी झाक होती, डावीतही थोडी.

पीटरला विचारायचं होतं. पण शिंप्याला डोळ्यांबद्दल काय विचारायचं? त्याने पँट घेतली, सलाम केला आणि निघाला.

पुढच्या शुक्रवारी त्याने आपली पद्धत बदलली. गोल झाला की तो उंच खांबांच्या पुढे चार पावलं येऊन दोन्ही हात पंखांसारखे पसरून निशाणं हलवू लागला. एक गुण असला की डाव्या बाजूला धावत जाऊन तिथून एकच. लांबून पांढरा कोट कुठे सरकला एवढं कळलं तरी पुरे होतं. खेळाडू हसले. हुसैनमियाँने मात्र दुसऱ्या टोकाहून बिनचूक उत्तर दिलं. कार्डं पुन्हा तंतोतंत जुळली. दोघांतल्या कुणीही त्यावर चकार शब्द काढला नाही.

हे असंच चाललं असतं. पण जानेवारीच्या शेवटच्या शुक्रवारी दोहाचा संघ आला. जिंकेल तो अंतिम सामन्यात, असा मामला होता.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा टर्टल्स तीन गुणांनी मागे होते. कॉलिनने कोपऱ्यातून, पार रेघेवरून, पूर्वेच्या खांबांकडे लाथ मारली. सूर्य डोंगराला टेकायला आलेला. दोहाचा एक धिप्पाड बचावपटू खांबांमध्ये उडाला, त्याचा हात वर गेला, आणि चेंडू मागे जाऊन पडला. क्षणभर सगळे हुसैनमियाँकडे बघत राहिले. त्याने दोन्ही निशाणं उचलली.

दीडशे मीटरवरून पीटरला एवढंच दिसलं. त्यानेही दोन्ही निशाणं हलवली. तो बचावपटू आपली बोटं दाखवत काहीतरी म्हणाला, मग खांदे उडवून निघून गेला. भोंगा झाला. टर्टल्स तीन गुणांनी जिंकले होते. ते एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होते.

हुसैनमियाँ कोट न काढताच गाडीपाशी जाऊन बसला. पीटर आला तेव्हा रशीदा पाणी आणायला गेली होती.

"पीटरभाय, चेंडू त्याच्या हाताला लागला काय?"

"मी त्या टोकाला होतो, हुसैनभाय. मला काय दिसणार?"

"मना पन नाय दिसला. नुसता पांढरा उजेड. लोकं वरडली, मना वाटला गोल असंल. किब्ल्याकडं तोंड करून म्या खोटा निशाण दावला."

पीटर त्याच्या शेजारी बसला.

"माज्या डोल्यांचा तुना म्हायत हाय," हुसैनमियाँ म्हणाला. "कदीपासना?"

"सुई ओवली तेव्हापासून."

"मग बोल्लास का नाय?"

जमिनीवरचा एक खडा उचलून पीटर तो हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "लिंडाच्या पोटात दुखायचं. मला त्रास नको म्हणून ती सांगायची नाही. आणि मला दिसायचं, हुसैनभाय. ती ओट्याला धरून उभी राहायची. मला वाटायचं, विचारलं तर तिला बरं वाटणार नाही. असे सात महिने गेले. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात." खडा त्याने खाली ठेवला. "आणि तुझ्या बाबतीत मी काय केलं? हात पसरून नाचलो."

हुसैनमियाँने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग उठला आणि सरळ कॉलिनकडे गेला. पीटर मागोमाग गेला, कारण हुसैनमियाँचं इंग्रजी मोडकं होतं. पण त्याला सांगायला काही अडलं नाही. "माय आइज नो गुड," तो म्हणाला. "आय नो सी. आय गिव्ह गोल. यू टेक बॅक."

कॉलिनचा चेहरा उतरला. त्याने दोहाच्या कप्तानाला बोलावलं. दोघं थोडं बाजूला जाऊन बोलले. मग तो कप्तान, टक्कल पडलेला, कोपर फुटलेला माणूस, हुसैनमियाँसमोर येऊन म्हणाला की पंचाचं निशाण एकदा हललं की हललं, हाच आमचा नियम आहे. आम्ही आज सात सोपे गोल चुकवले, ते काही तुम्ही चुकवले नाहीत. डोळे तेवढे दाखवून घ्या. त्याने हुसैनमियाँचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि तो बसकडे गेला.

गाडीत बसताना हुसैनमियाँ पुटपुटला, "चिडला असता तर बरा जाला असता."

तरीही तो डॉक्टरकडे जाईना. त्याच्या वडिलांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू दाभोळला एका शिबिरात काढला होता, आणि त्या डोळ्याने ते पुन्हा कधी बघू शकले नव्हते. ही गोष्ट त्याने दुकानात पीटरला सांगितली आणि वर बजावलं, "हिला यातला काय म्हायत नाय. सांगू नको."

"मी सांगणार," पीटर म्हणाला. "आज."

तो तसाच त्यांच्या घरी गेला. दुकानाच्या वरच, दोन जिने चढून. रशीदा माशाचे तुकडे हळद-मीठ लावून ठेवत होती. पीटर दारातच उभा राहून सगळं बोलून मोकळा झाला. तिने हात धुतले, पदराला पुसले.

"सा महिनं जालं मना म्हायत हाय," ती म्हणाली. "रिळांच्या टोकाला गाठी कोन मारतं? काल्याला येक, निल्याला दोन, पांढऱ्याला कायच नाय. म्या बोल्लेच नाय त्याला. त्याला वाटतं गाठी कंपनीच्या हायत."

पीटरला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, तसा तो खिशात रुमाल शोधू लागला. रशीदाने पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला आणि पाठ वळवून माशांना मसाला लावायला घेतला. तो सावरेपर्यंत ती वळली नाही.

मग जिन्याकडे तोंड करून तिने हाक मारली. हुसैनमियाँ वर आला, दोघांचे चेहरे त्याला किती दिसले कोण जाणे, पण दारातच थांबला.

"मंगलवारी डोल्याच्या डाक्टरकडं जायाचा हाय," रशीदा म्हणाली. "पीटरभाय गाडी आनतोय."

"मना दुकान हाय मंगलवारी."

"दुकान बंद. खलास."

तपासणी झाली आणि उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. त्या दिवशी पीटरने गाडी दवाखान्यासमोर लावली आणि स्टिअरिंगवरचे हात त्याला उचलवेनात. लिंडाच्या वेळेपासून त्याने कुठल्याही दवाखान्याची पायरी चढली नव्हती. सर्दी-ताप अंगावर काढला होता, आणि तपासणीच्या दिवशीही तो बाहेर गाडीतच बसून राहिला होता. शेवटी तो उतरला. काचेचं दार उघडलं आणि तोच वास आला, फिनेलचा आणि स्पिरिटचा.

हुसैनमियाँला हिरवा झगा घालून आत नेलं. जाताना त्याने टोपी, घड्याळ असं एकेक काढून रशीदाकडे दिलं. कॉरिडॉरमध्ये दोन खुर्च्या होत्या. पीटर बसला, उठला, पुन्हा बसला, मग म्हणाला, "भाभी, मी जरा खाली जाऊन येतो."

रशीदाने हुसैनमियाँची टोपी आणि घड्याळ त्याच्या ओंजळीत ठेवलं. "ह्ये धर. माज्या हातात ऱ्हात नाय."

तो बसला. घड्याळाचा पट्टा अजून कोमट होता. काही वेळाने, विचारलं नसताना, तो तिला लिंडाबद्दल सांगू लागला. आजाराचं नाही. ती सुक्या बोंबलाची चटणी कशी करायची, तिला गाडीत पुढे बसायला का आवडायचं नाही, मस्कतला आली त्या पहिल्या उन्हाळ्यात तिने गॅलरीत तुळस जगवून दाखवली होती ते. ती गेल्यापासून त्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. रशीदा मधूनच "मंग?" म्हणायची. चाळीस मिनिटांनी नर्स बाहेर आली आणि सगळं नीट झालं म्हणाली, तेव्हा रशीदाने आधी पीटरचं वाक्य पुरं होऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, आणि महिनाभर धूळ नको, ऊन नको, वाकणं नको असं बजावलं. अंतिम सामना दहा दिवसांवर होता, आणि पूर्वेच्या खांबांना पंच नव्हता. कॉलिनने कंपनीत चार जणांना विचारलं. कुणी तयार होईना.

"म्या उबी ऱ्हाते," रशीदा म्हणाली.

हुसैनमियाँ हसायला लागला. ती हसली नाही. "दोन वरसं सतरंजीवर बसून बगतंय. तू दोन डोल्यांनी बगत हुतास तवा पन तुज्या पयलं मना कलायचा. दे हिकडं."

त्या शुक्रवारी रशीदा ओढणी घट्ट बांधून, वर नवऱ्याचा कोट चढवून पूर्वेच्या खांबांशी उभी राहिली. कोट तिला पोटरीपर्यंत येत होता. दुबईचे खेळाडू आधी जरा गोंधळले. मग पहिल्याच पाव खेळात कॉलिनचा चेंडू खांबाला चाटून गेला आणि त्याने हात वर करून गोल मागितला. रशीदाने त्याच्याकडे बघितलं, मान हलवली, आणि एकच निशाण उचललं. तिच्या निशाणाला पीटरने दुसऱ्या टोकाहून उत्तर दिलं. त्यानंतर कुणी गोंधळलं नाही.

हुसैनमियाँ पीटरच्या खांबांमागे छत्रीच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. काळा चष्मा, खाली पसरलेली दाढी. थोड्या थोड्या वेळाने तो विचारायचा, "तिकडं काय जाला?"

"एक गुण."

"म्हायत हाय मना. डावा हात वर जाला तिचा. इचारून बगितला नुसता."

टर्टल्स सपाटून हरले, एकतीस गुणांनी. दुबईवाल्यांना करंडक मिळाला, आणि कॉलिनने रशीदाला बोलावून एक जर्सी दिली, तिच्याच नवऱ्याने शिवलेली. तिने शिलाई उलटून तपासली आणि मगच घेतली. पुढच्या हंगामाला कोण, असं कॉलिनने विचारलं तेव्हा ती पीटरला म्हणाली, "सांग त्याला, मियाँचा दुसरा डोला जाल्यावर बगू. तवर मीच." पीटरने सांगितलं.

सामान भरून ते निघाले. रशीदा मागच्या सीटवर, हुसैनमियाँ पुढे. ऊन उतरलं होतं म्हणून त्याने काळा चष्मा काढून हातात घेतला. हमरस्त्याला लागल्यावर त्याने बाहेर बघत वाचायला सुरुवात केली.

"अल खौद फार्मसी." थोड्या वेळाने, "टायर, बॅटरी, ऑइल चेंज." मग समोरच्या गाडीचा नंबर, आकडा न् आकडा. एका उपाहारगृहाच्या पाटीवरचा कोंबडीचा भाव. उजवीकडे डोंगर आले तेव्हा तो वाचायचं विसरला.

"पीटरभाय, ह्यो डोंगर येवडा तांबडा हाय?"

"संध्याकाळी असतोच."

"मना वाटायचा राखेच्या रंगाचा हाय."

पीटर सावकाश जाणाऱ्या गाड्यांच्या, उजव्या कडेच्या लेनमध्ये आला आणि त्याने गाडी साठवर आणली, मग पन्नासवर. मागून कुणीतरी हॉर्न दिला आणि फर्रकन पुढे निघून गेलं. रशीदाने मागून विचारलं, "गाडीला काय जाला काय?"

"काही नाही, भाभी," पीटर म्हणाला. "त्याला वाचू दे." जरा वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता तो पुढे म्हणाला, "येत्या शुक्रवारी दोघं माझ्याकडे जेवायला या. बोंबलाची चटणी करून बघतो. जमेल की नाही माहीत नाही."

"आमी येऊ," रशीदा म्हणाली. "भात म्या आनते."

हुसैनमियाँ तोवर बौशरच्या वळणावरची पाटी वाचत होता, आधी अरबी, मग इंग्रजी.